सातबाऱ्याचा रिकामा रकाना

रोह्याहून कोलाडकडे निघाले की वाटेत धाटाव लागते. रस्त्याच्या आजूबाजूला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तिच्यात बहुतेक रसायनांचे कारखाने. जवळून कुंडलिका वाहते. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी या नदीला मिळते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तिची धार तुटत नाही. वसाहतीच्या पलीकडे भातखाचरे आहेत, त्यांच्या वर वरकस जमिनी आणि त्याहून वर डोंगरउतारावरचे जंगल. कुठेही उभे राहिलो तरी एका नजरेत चार प्रकारची जमीन दिसते: महामंडळाची, शेतकऱ्याची, गावाची आणि वनखात्याची.

डोळ्यांना या जमिनींमधल्या सीमा दिसत नाहीत. त्या असतात कागदावर, आणि आता संगणकात. सरकारी व सार्वजनिक जमिनीचा कारभार आज डेटाबेसवर, म्हणजे शिस्तीने मांडलेल्या माहितीच्या साठ्यावर चालतो. असा साठा तयार करताना प्रत्येक वेळी एक प्रश्न सोडवावा लागतो: रकाने कोणते ठेवायचे? कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याचा, जमिनीचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या प्रश्नाचा इतिहास आहे. तो आपण थोडक्यात पाहू या.

साखळी, आणे आणि गुंठे

मुंबई इलाख्यात आज ओळखीची असलेली मोजणीची पद्धत बसवली ती गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी. १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात त्यांचे काम सुरू झाले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के केले आणि पुढे ती इलाख्यात सगळीकडे गेली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर द्यायचा, हद्दीवर दगड रोवायचे, जमिनीचा कस आण्यांत ठरवायचा आणि त्यावरून आकार, म्हणजे सारा, बसवायचा.

मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. साखळीचे सोळा भाग पाडून त्यांना आणे म्हणत, त्यामुळे गुंठ्याचा हिशेब रुपयाच्या हिशेबासारखाच तोंडी करता येई. मेट्रिक पद्धत आल्यावर गुंठ्याऐवजी आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन एकर दहा गुंठ्यांचे शेत, म्हणजे ९० गुंठे, सातबाऱ्यावर ०.९१.०५ असे दिसते: शून्य हेक्टर, ९१ आर आणि ५ चौरस मीटर.

या मोजणीमागचा हेतू उघड होता. सरकारला सारा वसूल करायचा होता. म्हणून पहिले रकाने ठरले ते क्षेत्र, कस, आकार आणि सारा भरणाऱ्याचे नाव असे. शेत प्रत्यक्ष कसतो कोण, हा प्रश्न सरकारच्या लेखी दुय्यम होता.

कागदावरचा डेटाबेस

सारा देणाऱ्याखेरीज इतरांचेही जमिनीवर हक्क असतात, त्यांचीही नोंद हवी, हे सरकारला पुढे पटले. १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या दप्तराची नीट घडी बसवणारी पुस्तिका तयार केली. गाव नमुना १ ते २१ ही मांडणी ओळखली जाते ती याच पुस्तिकेमुळे. संगणकाशी कसलाही संबंध नसलेली ही मांडणी डेटाबेस शिकवायला आदर्श आहे असे आम्हांला वाटते.

गाव नमुना १ म्हणजे आकारबंद: गावातील सर्व सर्व्हे नंबर, त्यांचे क्षेत्र आणि आकार यांची मूळ यादी. नमुना १-अ मध्ये वनजमिनी आणि १-ब मध्ये सरकारच्या बिनभोगवट्याच्या जमिनी असतात. नमुना ७ सर्व्हे नंबराप्रमाणे लावलेला असतो. अमुक जमीन कोणाची, याचे उत्तर तो देतो. नमुना ८-अ खातेदाराप्रमाणे लावलेला असतो. अमुक माणसाची जमीन किती, हे त्यातून कळते. माहिती तीच, पण शोधण्याच्या वाटा दोन. नमुना १२ मध्ये दरवर्षीची पिके नोंदवतात. ७ आणि १२ एकाच कागदावर आले आणि त्या कागदाचे नाव सातबारा पडले.

या सगळ्यांत हुशारीचा नमुना म्हणजे ६, फेरफाराची नोंदवही. विक्री, वारस, वाटणी, बोजा, काहीही बदल झाला तरी आधी त्याला येथे अनुक्रमांक मिळतो. चावडीवर नोटीस लागते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मगच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जुने नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचा. त्यामुळे आजची स्थिती तर कळतेच, शिवाय ती कशी आली हेही मागे मागे जाऊन शोधता येते. बँकांच्या संगणकांत प्रत्येक व्यवहाराची न पुसता येणारी नोंद ठेवतात, ती याच तत्त्वाने.

या नोंदींना कायद्याने मोठे वजन दिले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतील आणि फेरफारातील प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ज्याचे नाव लागले आहे त्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही. सिद्ध करण्याचा भार पडतो तो नाव न लागलेल्यावर.

हा भार किती जड असतो ते कुलाब्यातील कुळांनी अनुभवले. खोती गावांत सरकारदप्तरी खोताचे वजन होते आणि शेत कसणारे कूळ त्याच्या मर्जीवर होते. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेते न कसण्याचा संप चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ आणि १९४८ चे कुळकायदे आले, खोती रद्द झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. त्या वेळी गाव नमुना ७-अ, म्हणजे कुळवहिवाटीचा रकाना, घराघरांत चर्चेचा विषय झाला. नाव लागले असेल तर जमीन मिळणार, नसेल तर वर्षानुवर्षे कचेरीचे हेलपाटे. रकाना असणे ही एक गोष्ट आणि त्यात आपले नाव असणे ही दुसरी, हे लोकांना कळून चुकले.

जंगलाचा पास

शेताच्या बांधापर्यंतची गोष्ट ही अशी. बांधापलीकडच्या जंगलाचा हिशेब मात्र वेगळ्या खात्याकडे गेला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांच्या हद्दी आखल्या. भाताच्या रोपवाटिकेसाठी पाला आणि फांद्या तोडून जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, ही कोकणातील शेतीची जुनी रीत. हा पाला जिथून यायचा तिथेच आता हद्द पडली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात उरणजवळ चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. त्यात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली.

सरपण, चराई, पाला, लाकडाची वाहतूक, प्रत्येक गोष्टीला पास किंवा परवाना लागू लागला. परवाना हीसुद्धा एक नोंदच असते: कोणाला, काय, किती आणि कधीपर्यंत. जगात अन्यत्रही ही युक्ती वापरली जाते. अमेरिकेने १९६४ मध्ये कायदा करून सुमारे ९१ लाख एकर सरकारी जमीन कायमची निबिड रानाच्या स्वरूपात राखली, आणि हे क्षेत्र नंतर पुष्कळ वाढले. तेथील गर्दीच्या पायवाटांवर रोज किती लोकांना सोडायचे याची मर्यादा ठरलेली असते. परवाने संगणकावरून दिले जातात. एका तारखेचे ठरलेले परवाने संपले की पुढच्या अर्जदाराला दुसरी तारीख शोधावी लागते. प्रश्न सोपा आहे, म्हणून डेटाबेसही सोपा आहे.

आपल्या शेजारी फणसाडचे अभयारण्य आहे. मुरुड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. तेथे येणाऱ्या पाहुण्याला प्रवेशपत्र देणे योग्यच आहे. पाहुणा सकाळी येतो, संध्याकाळी जातो. पण ज्याचे घर, शेत आणि सरपण त्याच रानात आहे, त्याचे नाते वर्षाच्या परवान्यात मावत नाही. परवाना ही दिलेली सवलत असते. ती देणारा काढूनही घेऊ शकतो. पाहुण्याला आणि रहिवाशाला एकाच प्रकारच्या नोंदवहीत बसवले की रहिवासी आपल्याच रानात पाहुणा ठरतो.

दळीची गोष्ट

याचे बोलके उदाहरण म्हणजे दळी जमिनी. रोहा, पेण, सुधागड अशा तालुक्यांच्या डोंगरउतारांवर इंग्रजी अमदानीपासून कातकरी, ठाकूर आणि धनगर कुटुंबांना नाचणी-वरीसाठी जंगलातले तुकडे कसायला दिले जात. या तुकड्यांना दळी म्हणतात. कातकरी हे नावच मुळी खैरापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून आलेले. रानाशी त्यांचा संबंध किती जुना आहे ते यावरून कळावे.

दळीचा पट्टा अनेकदा गटाच्या नाईकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, नावावर असे. कसणारी कुटुंबे मात्र अनेक असत. डेटाबेसच्या भाषेत याला एकास अनेक असा संबंध म्हणतात. तो नीट नोंदवायचा तर पट्ट्यांचा एक तक्ता आणि कुटुंबांचा दुसरा तक्ता करून दोन्ही जोडावे लागतात. वहीत रकाना एकाच नावाचा होता. नाईक वारला, पिढी बदलली, वाटण्या झाल्या, पण यातले काहीच फेरफारात आले नाही, कारण जमीन महसूल खात्याच्या नेहमीच्या दप्तरात नव्हतीच. गावच्या नमुना १-अ मध्ये आणि वनखात्याच्या नकाशावर ती निव्वळ जंगल होती. तीन पिढ्या नाचणी पिकवणारे कुटुंब त्यामुळे कागदोपत्री अतिक्रमणदार झाले.

धाटावच्या वसाहतीतला एखादा भूखंड शेजारी ठेवून पाहा. महामंडळाची स्थापना १९६२ मधली, १९६१ च्या कायद्याप्रमाणे झालेली. ते जमीन संपादन करते, आखणी करते आणि कारखानदाराला साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड देते. भूखंडाला क्रमांक, नकाशा, करारपत्र आणि मुदत सगळे असते. त्या कागदावर बँक कर्ज देते. दळी कसणारे कुटुंब अनेक पिढ्या त्याच जागी असले तरी त्याला पीककर्ज मिळत नाही, आणि संपादन झाले तर भरपाईच्या यादीत त्याचे नाव नसते. दोन्ही जमिनी सार्वजनिक आणि दोन्हीकडे वापरणारा दुसराच कोणी. फरक आहे तो नोंदीचा. रायगडात सर्वहारा जन आंदोलन या संघटनेने १९९० च्या दशकापासून दळीधारकांचा प्रश्न लावून धरला तो यामुळेच.

संगणक आला

आय.बी.एम. कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसची नवी रचना मांडली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची आणि समान क्रमांकाच्या साह्याने तक्ते एकमेकांना जोडायचे, ही तिची मूळ कल्पना. सर्व्हे नंबराने नमुना १ आणि ७ जोडलेले असतात, तसेच हे. एक गोष्ट शक्यतो एकाच ठिकाणी लिहावी, म्हणजे दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत, हाही त्यातलाच धडा. त्याच सुमारास कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीचे नकाशे संगणकात एकावर एक थर लावून तपासण्याची पद्धत विकसित केली होती. आजच्या संगणकीय नकाशांचा उगम तेथे आहे.

भारतात भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा त्यात होता. त्यानंतर २००८ चा राष्ट्रीय कार्यक्रम आला. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आला, फेरफार संगणकातून होऊ लागले आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. फायदे खरोखर मोठे आहेत. उताऱ्यासाठी तलाठ्याला शोधत फिरावे लागत नाही. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळते का, हे संगणक क्षणात तपासतो. हाताने लिहिलेल्या उताऱ्यांत दडलेल्या कितीतरी विसंगती अशा तपासणीत उघड झाल्या.

काही चुका बेरजेत सापडत नाहीत, त्या ओळखायला माणूसच लागतो. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले: संगणकातील नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि त्यांनी हरकत घ्यायची. नाव चुकले, वारस राहिला, हे ऐकणाऱ्याला कळते. आमच्या मते हा सगळ्या संगणकीकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग होता.

तरीही एक प्रकारची चूक चावडी वाचनातही सापडत नाही. जी ओळच वहीत नाही ती वाचणार कशी? कॉड यांनी रिकाम्या जागेचा बारकाईने विचार केला होता. एखादी माहिती ठाऊक नाही आणि एखादी गोष्ट अस्तित्वातच नाही, या दोन वेगळ्या स्थिती आहेत. रचनेत त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पडद्यावर मात्र दोन्ही ठिकाणी कोरी जागाच दिसते. दळी कसणाऱ्याचे नाव शोधले आणि उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ इतकाच की नोंद झालेली नाही. हक्क नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. कागदी वहीची मर्यादा सर्वांना माहीत होती, म्हणून तिच्यावर शंका घेतली जाई. तीच उणीव संगणकात उतरली की ती अधिकृत वाटू लागते.

तोंडी साक्षीला जागा

या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा वेगळा आहे. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीवर, चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. सरकारने वनजमिनीवर पूर्वी दिलेल्या पट्ट्यांचे हक्कांत रूपांतर करण्याची तरतूदही कायद्यात आहे; दळीला ती थेट लागू पडते.

दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. पुराव्यांत सरकारी कागद, जुनी गॅझेटियरे आणि नकाशे चालतात; शिवाय बांध, जुनी घरे, दफनभूमी अशा जमिनीवरच्या खुणा आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेले व लिहून घेतलेले निवेदनही चालते. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनी स्पष्ट केले की उपग्रहचित्रे इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. हे आवश्यकच होते. डोंगरउतारावरची दळी काही वर्षे पडीक ठेवतात. त्या वर्षीच्या चित्रात तेथे झुडपे दिसणार. कुटुंब हंगामी कामासाठी वीटभट्टीवर गेलेले असेल, तर पाहणीच्या दिवशी शेतात कोणी दिसणार नाही.

आणखी एक नवा रकाना या कायद्याने आणला: विवाहितांच्या बाबतीत हक्कपत्रावर पती आणि पत्नी दोघांची नावे लागतात. मिळालेले हक्क महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या दप्तरांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत उतरवावेत, असेही नियम सांगतात. हक्कपत्र घरातल्या पेटीत आणि दप्तर जुन्याच स्थितीत, असे राहिले तर दळीची गोष्ट नव्याने सुरू होईल. म्हणून ही शेवटची पायरी हक्कपत्राइतकीच महत्त्वाची आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा विषय इतिहास, गणित आणि संगणक या तीनही तासांना घेता येतो. आपल्या गावचा एक जुना सातबारा मिळवून त्यातील वर्तुळातले क्रमांक आणि कंसातली नावे क्रमाने लावायला सांगावे. जमिनीचा इतिहास मुलांच्याच हातून लिहिला जाईल. जुन्या उताऱ्यातले एकर-गुंठे हेक्टर-आरमध्ये बदलून बेरीज जुळते का पाहावे. नंतर मुलांनी गावातील सार्वजनिक जमिनींची यादी करावी: गायरान, तळे, स्मशानभूमी, देवराई, शाळेचे मैदान. प्रत्येक जागा कागदोपत्री कोणाच्या नावे आहे आणि प्रत्यक्ष कोण कोण वापरते, असे दोन रकाने आखावेत. दुसरा रकाना भरण्यासाठी आजी-आजोबांना विचारावे लागेल.

दोन रकाने जुळले नाहीत, तर मुलांनी चुकीचे काम केले असे समजू नये. नेमक्या त्या ओळींवर वर्गात चर्चा घ्यावी. सार्वजनिक जमिनीचा डेटाबेस कितीही वेगवान झाला तरी त्यात काय नोंदवायचे हे माणसेच ठरवतात. कोणती नोंद राहून गेली, हे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना शाळेतच लागली, तर उद्या त्यांच्यातलाच एखादा तलाठी, वनरक्षक किंवा संगणक अभियंता रिकाम्या रकान्यापाशी थांबून चौकशी करील.